नदीकाठचा नऊ नंबर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मैदानावर पालथा पडला होता. गाल गवताला टेकवलेला, एक डोळा मिटलेला. सकाळचे साडेसहा वाजले असतील. नदीवरून आलेलं धुकं मैदानाच्या अर्ध्यावर येऊन थांबलं होतं, आणि त्या धुक्याच्या कडेशी हा सहा फुटांहून उंच गोरा माणूस निपचित. मला वाटलं, चक्कर येऊन पडला. माती काढायचा लोखंडी नळा हातातून टाकून मी धावत सुटले.

"पळू नका," तो न हलता इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही पळता तेव्हा जमीन हलते."

"लागलंय का तुम्हाला?"

"नाही. जमीन सपाट आहे का ते बघतोय. उभं राहून पाहिलं तर सपाटच दिसते. आडवं झालं की समुद्र दिसतो."

मला काय सुचलं कोण जाणे, मीही गुडघ्यांवर बसले आणि गाल गवताला लावला. दवाचा गारवा कानात शिरला. खरंच, समोर लाटा होत्या. हिरव्या, थिजलेल्या, लांबवर गोलपोस्टपर्यंत गेलेल्या. आणि मध्येमध्ये राखाडी वाळूची बेटं.

ती २०११ सालच्या मे महिन्यातली सकाळ. मार्चमधल्या भूकंपाला दोन महिने होत आले होते. मी तेव्हा जपानमधल्या त्सुकुबात मातीवर संशोधन करत होते, आणि हे मैदान तिथून गाडीने तासाभराच्या अंतरावर, एका नदीकाठच्या गावात होतं. वाटेत कमळकाकडीची शेतं लागत, पाण्याने भरलेली, आरशासारखी. घरांच्या कौलांवर निळी प्लॅस्टिकं अंथरून त्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या असत. आकाश खाली पाण्यात आणि आकाशाचेच तुकडे वर छपरांवर, अशा रस्त्याने मी जायचे, आणि पोचेपर्यंत आपण जागे आहोत की नाही याबद्दल थोडी शंका उरायची.

मैदान एका छोट्या क्लबचं होतं. मोठ्या साखळी स्पर्धांच्या बऱ्याच पायऱ्या खाली खेळणारा क्लब, एका बाजूला लोखंडी बाकांची एकच गॅलरी. जिथे मैदान आहे तिथे एके काळी नदी वाहत होती. नदीने पात्र बदललं, लोकांनी भर टाकली, गवत लावलं, आणि ती नदी होती हे सगळे विसरले. भूकंपाने आठवण करून दिली. पाण्याने भरलेली वाळू जोरात हलली की ती काही क्षण घट्ट राहत नाही, पातळ पिठल्यासारखी होते आणि फटींतून वर उसळते. मैदानाच्या नदीकडच्या अर्ध्या भागात तसंच झालं होतं. त्या राखाडी वाळूत बारीक शिंपल्यांचे तुकडे सापडत. मी ते खिशात घालायचे आणि विसरून जायचे, मग कपडे धुताना यंत्रात खळखळ वाजायचे.

क्लबने आमच्या प्राध्यापकांना विचारलं होतं, मैदान पुन्हा खेळण्याजोगं होईल का. प्रयोगशाळेतले बाकीचे उत्तरेकडच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर तिकडच्या शेतांतली माती तपासण्यात बुडालेले होते. प्राध्यापकांनी मला पाठवलं. मला ती शिक्षा वाटली, कारण मला तेव्हा शिक्षा हवीच होती.

मी पळून गेले होते. भूकंपानंतर चौथ्या दिवशी कोल्हापूरहून माझ्या वडिलांचा, आबांचा फोन आला, "काय असंल ते सोड, आधी घरी ये." मागून आईचं रडणं ऐकू येत होतं. मी बॅग भरली आणि विमानतळ गाठला. पाच आठवड्यांनी परत आले तेव्हा माझ्या प्रयोगाच्या मातीच्या नळ्या जशाच्या तशा ओल्या होत्या. टेबलावर एक कागद होता. कोणी कोणत्या दिवशी पाणी घातलं त्याच्या सह्या. पाणी बाटल्यांतून मोजून प्यायच्या दिवसांत या लोकांनी माझ्या मातीला पाणी घातलं होतं. मी सगळ्यांची माफी मागितली. सगळे म्हणाले, "छे छे, काळजी वाटली असेल घरच्यांना." कोणी एक शब्द लावून बोललं नाही. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

मैदान राखणारे काका, सगळे त्यांना नुसतं ओजीसान म्हणजे काका म्हणत, साठीचे होते. आयुष्यभर कमळकाकडीची शेती केलेली, त्यामुळे चिखलाशी त्यांची जुनी ओळख. त्यांचं जपानी गावठी होतं, वाक्याच्या शेवटी 'प्पे' असा एक ठसका यायचा, तो ऐकला की मला आमच्या कोल्हापूरच्या 'की' आणि 'बघ'ची आठवण व्हायची. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा दोघांना गवतावर आडवं पाहिलं आणि म्हणाले, "झोपायचं तर वाळूवर झोपा. गवताला त्रास होतो."

तो पालथा माणूस क्लबचा सेंटर फॉरवर्ड होता. हॉलंडचा, छत्तिशीचा, पाठीवर नऊ नंबर. जपानात येऊन तीन वर्षं झाली होती. संघाचा सराव तेव्हा एका शाळेच्या मातीच्या मैदानावर दुपारी चालायचा, पण हा सकाळी इथे यायचा, ओजीसानना मदत करायला. फावड्याने वाळू उचलायचा, चाकगाडी ढकलायचा. आमचं बोलणं इंग्रजीतून चाले, त्यात तू-तुम्ही असा भेद नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून मी मनातल्या मनात त्याला 'तू' म्हणायला लागले होते.

एकदा आम्ही बाकावर बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खात होतो. धुकं अजून विरलं नव्हतं. त्याने अचानक विचारलं, "तू इथेच होतीस? तेव्हा?"

"चार दिवस. मग घरी गेले."

त्याने खाणं थांबवलं. "मी तीन दिवस," तो म्हणाला. "संघाला न सांगता. विमानतळावरून मेसेज केला. एका महिन्यानं परत आलो, सगळ्यांसमोर उभा राहिलो, कमरेत वाकलो. सगळे म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे."

"आणि मग?"

"मग काही नाही. तेच तर. फक्त यांनी विचारलं." त्याने ओजीसानकडे हनुवटी केली. ते दूर रोलरवर बसून अगदी हळू, झोपेत चालल्यासारखे, मैदानाची एक एक पट्टी दाबत होते. "म्हणाले, तू घरी पोचलास तेव्हा आई झोपली का नीट? मी म्हटलं, हो, चौदा तास झोपली. म्हणाले, मग ते काम झालं. आता इकडचं कर. आणि फावडं दिलं."

मी हसले आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या दिवसानंतर मला मैदानावर जाणं शिक्षा वाटेनासं झालं.

त्याची कहाणी मला अशीच तुकड्यातुकड्यांनी कळत गेली, सकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान, कधी चाकगाडीच्या दोन खेपांमध्ये, कधी मी मातीचे नमुने पिशव्यांत भरत असताना. समुद्र मागे हटवून केलेल्या जमिनीवर त्यांचं शेत होतं. कांदे आणि बीट. घरापेक्षा समुद्र उंचावर. लहानपणी तो बांधावर चढायचा तर एका बाजूला जहाजं डोळ्यांच्या पातळीवर आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या घराचं छप्पर खाली. सोळाव्या वर्षी एका क्लबने नेलं. मग क्लब बदलत गेले, देश बदलत गेले. बेल्जियम, तुर्कस्तान, सायप्रस, एक हिवाळा नॉर्वेत. तो कधी पहिल्या अकरांत असायचा, बहुतेकदा शेवटच्या वीस मिनिटांत उतरायचा. देशाच्या संघात एकदाच बोलावणं आलं. अख्खा सामना तो बाकावर जॅकेट घालून बसला, दोनदा उठून धावून अंग गरम केलं, आणि शिट्टी वाजली. ते जॅकेट आईने कपाटात टांगून ठेवलं आहे.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"तेव्हा वाटलं. पण मला माझे गोल फारसे आठवत नाहीत, खरं सांगतो. वाट बघणं आठवतं. फॉरवर्डचं काम म्हणजे वाट बघणं. नव्वद मिनिटांत चेंडू दोन मिनिटंसुद्धा पायात नसतो. बाकीचा वेळ तू उभा असतोस आणि चेंडू येईल असं स्वप्न बघत असतोस."

मी हे आबांना सांगितलं. आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात आबा गोलकीपर होते. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. दोन पेठांचा सामना असला की त्या दिवशी दुकानांत गिऱ्हाईक नसतं आणि घरांत पुरुष. लहानपणी मी गोलच्या जाळीमागे आबांच्या चपला मांडीवर घेऊन बसायचे. तिथून मला खेळ दिसायचा तो आबांच्या पाठीआडून, आणि अंगावर धावून येणारा प्रत्येक फॉरवर्ड राक्षसासारखा वाटायचा.

"सेंटर फॉरवर्ड?" आबा फोनवर म्हणाले. "मग चोर असणार. चांगला सेंटर फॉरवर्ड चोरच असतोय. दे त्याला फोन."

म्हणून एका रविवारी क्लबच्या छोट्या खोलीत मी लॅपटॉप उघडला. कोल्हापुरात सकाळ होती, आबा अंघोळ करून, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. ओजीसानही आले, त्यांनी सगळ्यांना बार्लीचा गार चहा ओतला, एक पेला स्क्रीनसमोर आबांसाठीही ठेवला. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते.

"त्याला इचार," आबा म्हणाले, "एकटा पुढं घुसलास आणि गोली बाहेर आला, तर कुठं बघतोस? चेंडूकडं का जाळीकडं?"

नऊ नंबरने थोडा विचार केला. "गोलकीपरच्या गुडघ्यांकडे. गुडघे खोटं बोलत नाहीत. कुठल्या बाजूला झेप घेणार ते आधी गुडघ्यांना कळतं."

मी सांगितलं. आबा खाली आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "बरोबर हाय. एकजण मला सारखा गोल मारायचा. सारखा. मला आज कळलं का ते." आणि थोड्या वेळाने, "म्हटलं नव्हतं, चोर हाय म्हणून?"

उन्हाळाभर आम्ही मैदान बसवलं. वाळू काढली, खाली खडीचा थर आणि पाणी जायला नळ्या घातल्या, वर माती, वर गवताचे चौकोन. जपानी उन्हाळा दमट, किर्र करणाऱ्या किड्यांचा. पांढऱ्या उन्हात मैदानाच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत. अधूनमधून धक्के यायचे. सगळ्यांचे फोन एकदम ओरडायचे, मग आम्ही तिघं होतो तिथेच गवतावर बसून घ्यायचो आणि गोलपोस्ट थरथरताना बघायचो. जाळी अशी हलायची की नुकताच कुणीतरी गोल मारला असावा. मग सगळं थांबायचं आणि किडे पुन्हा सुरू व्हायचे.

ऑगस्टमध्ये संघाला नदीकडच्या भागावर सरावाची परवानगी मिळाली. सप्टेंबरच्या शेवटी मी शेवटची मोजणी केली, सगळ्या मैदानाची पातळी घेतली आणि क्लबच्या कागदावर सही केली. नदीकडच्या गोलपासून वीसेक पावलांवर, उजव्या अंगाला, एक जागा थोडी बसली होती. मी तिथे दोनदा मोजलं. एकदा दोन बोटं खोल निघालं, एकदा एकच बोट. दुपार झाली होती, उपकरण तापलं होतं, आणि आठवड्यावर सामना होता. मी एक बोट लिहिलं. एक बोट चालतं.

भूकंपानंतरचा मैदानावरचा तो पहिला सामना. गाव लोटलं होतं. ओजीसाननी नवी टोपी घातली होती. उत्तरार्धात, ऊन कलतं होऊन गवतावर सगळ्यांच्या सावल्या लांब झाल्या होत्या तेव्हा, मागून एक लांब चेंडू आला आणि नऊ नंबर सुटला. बचावपटू मागे राहिले. मी उभी राहिले. तो त्या जागेपर्यंत आला. चेंडू खळग्यात किंचित रेंगाळला, त्याने पाय रोवला, शरीर वळलं आणि गुडघा वळला नाही. आवाज झाला नाही, म्हणजे मला आला नाही. मला फक्त दिसलं की तो बसला, अगदी हळू, धक्का आला की आम्ही बसायचो तसा.

मी दवाखान्यात गेले नाही. अकरा दिवस गेले नाही. प्रयोगशाळेत काम आहे असं स्वतःला सांगत राहिले. बाराव्या दिवशी ओजीसानचा फोन आला. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. म्हणाले, "नाशपाती उतरवल्यात शेजाऱ्यानं. त्याला नेऊन दे. माझी गाडी बिघडली आहे." त्यांची गाडी बिघडलेली नव्हती हे मला नीट माहीत होतं.

तो खिडकीजवळच्या खाटेवर होता, पाय उशांवर चढवलेला. मी पिशवी ठेवली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, कारण बसले असते तर बोलले नसते.

"तिथे दोन बोटं खळगा होता. मी दोनदा मोजलं आणि कमी होतं ते लिहिलं. मला माहीत होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मलाही."

"काय?"

"मलाही माहीत होतं. ऑगस्टपासून. तिथे चेंडू जरा थांबतो. बचाव करणाऱ्यांना ते ठाऊक नसतं, ते पुढे निघून जातात, मला ठाऊक असतं. सरावात मी त्या जागेवरून किती गोल मारले, का ते कुणाला कळलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही मी. तुला सांगितलं असतं तर तू भरून टाकला असतास."

पडद्यापलीकडे कुणाचा तरी रेडिओ अगदी हळू चालू होता. मी चाकू घेऊन नाशपाती सोलायला लागले, साल सारखं तुटत होतं.

"तुझे वडील बरोबर म्हणाले होते," तो म्हणाला. "चोर." आणि हसला. मला हसू आलं नाही. तो नाशपाती खात राहिला, रस हनुवटीवरून ओघळू देत. थोड्या वेळाने डोळे मिटून म्हणाला, "गुडघा आधीच गेला होता. दोन वर्षं झाली. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणतोय की खरं आहे, ते मला विचारू नकोस. मलाही नक्की सांगता येणार नाही."

मी विचारलं नाही. पण क्लबला पत्र लिहिलं, मोजणी चुकवली हे कबूल केलं आणि तो खळगा भरून दिला. क्लबच्या अध्यक्षांचं उत्तर आलं, तीन ओळींचं, आभाराचं. पुढच्या खेपेला ओजीसाननी माझ्या हातात फावडं दिलं.

तो पुन्हा खेळला नाही. हिवाळ्यात कुबड्या घेऊन मैदानावर यायला लागला. ओजीसाननी त्याच्यासाठी कडेला एक घडीची खुर्ची मांडून ठेवली. शनिवारी सकाळी तिथे गावातल्या बायकांचा संघ खेळायचा. दवाखान्यातल्या परिचारिका, टपाल कचेरीतली एक, कमळकाकडी निवडायच्या शेडमधल्या तिघी-चौघी. त्यांचे प्रशिक्षक भूकंपानंतर दुसऱ्या गावी राहायला गेले होते. खुर्चीवरचा माणूस दिवसभर रिकामाच आहे हे बघून त्यांनी त्याला धरलं.

सुरुवातीला तो फारच वाईट शिकवायचा. मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. मोडक्या जपानीत ओरडायचा, "तू इथे उभी राहा! तू तिथे!" कुबडीने हवेत रेषा काढायचा. बायका आज्ञाधारकपणे तिथे जाऊन उभ्या राहायच्या आणि चेंडू तिसरीकडूनच निघून जायचा. एक महिना असा गेल्यावर त्यांची गोलकीपर, रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येणारी एक परिचारिका, त्याच्यासमोर येऊन वाकली आणि नम्रपणे म्हणाली, "कोच, कुठे उभं राहायचं ते तुम्ही सांगता. कधी निघायचं ते सांगत नाही."

त्या दिवशी घरी जाताना तो माझ्या गाडीत होता. बाहेर कमळकाकडीच्या शेतांत बायाबाप्ये कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून मुळं उपटत होते, वाफ निघत होती पाण्यातून. "वीस वर्षं मला एवढंच येत होतं," तो म्हणाला. "कधी निघायचं. आणि तेवढंच मी कुणाला सांगत नव्हतो."

पुढच्या शनिवारी त्याने ओरडणं सोडलं. खुर्ची मैदानाच्या कडेला अगदी चिकटून मांडली, आणि चेंडू फिरत असताना हलक्या आवाजात म्हणत राहिला, "मादा… मादा…" म्हणजे अजून नाही, अजून नाही. आणि मग एकदम, "इमा!" आत्ता! माझ्या मराठी कानाला तो शब्द आधी विचित्रच वाटायचा, बायकांच्या संघापुढे बसून हा 'मादा, मादा' म्हणतोय म्हणून मी एकटीच मागे हसायचे. पण धुक्याच्या सकाळी खेळाडू दिसायचे नाहीत, नुसता तो आवाज यायचा, झोपाळ्याला झोका दिल्यासारखा, मादा, मादा, आणि मग धुक्यातून कुणीतरी सुटलेली दिसायची. टपाल कचेरीतल्या बाईंनी त्या वसंतात आयुष्यातला पहिला गोल मारला. वय वर्षं त्रेचाळीस. मारल्यावर काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं, त्या चेंडूपुढे वाकून उभ्या राहिल्या.

पुढचं भराभर सांगते, कारण ते मी लांबून पाहिलं. तो एक हिवाळा मायदेशी जाऊन प्रशिक्षकाची परीक्षा देऊन आला. क्लबने त्याला आधी मदतनीस आणि मग मुख्य प्रशिक्षक केलं. पहिल्या वर्षी संघ वरच्या गटात जाता जाता राहिला, गावात त्याचे फोटो लागले, भाजीवाली त्याला मुळे फुकट द्यायला लागली. दुसरं वर्ष बरं गेलं. तिसऱ्या वर्षी ते हरत गेले. का, ते कुणालाच कळलं नाही, त्यालाही नाही. तो तसाच कडेला उभा राहून वाट बघायला सांगायचा आणि तरुण पोरांचा धीर सुटायचा. वर्ष संपायच्या आधीच क्लबने त्याला फुलांचा गुच्छ देऊन, फार आदराने, काढून टाकलं. मी आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडं कोचला काढत न्हाईत. कोचच रुसून जातोय."

तो रुसला नाही. निरोपाच्या दिवशी त्याने लंगडत सगळ्या मैदानाला फेरी मारली, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून वाकला, तिथे कुणी बसलेलं नव्हतं तरी. ओजीसान रोलरवरून उतरले नाहीत. त्यांचं काम चालूच होतं. तो त्यांच्या समोरून गेला तेव्हा मात्र रोलर थांबला, आणि दोघं काहीतरी बोलले. काय ते मला कधी कळलं नाही.

मला त्याच सुमारास कोबेतल्या विद्यापीठात नोकरी मिळाली. डोंगर पाठीशी आणि समुद्र समोर असं ते शहर, माझ्या खिडकीतून बंदरावरच्या क्रेन खेळण्यांसारख्या दिसत. पाचेक वर्षं त्याची फारशी खबर नव्हती. तो हॉलंडला गेला होता, भावाच्या कांद्याच्या शेतात काम करत होता एवढं नाताळच्या मेसेजवरून कळायचं. आणि मग एका शरद ऋतूत मेसेज आला: ओसाकाजवळच्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला शिकवतोय. शनिवारी तुमच्या कोबेत सामना आहे. ये.

मैदान डोंगराच्या उतारावर होतं, आणि गवत प्लॅस्टिकचं. मी सवयीने वाकून बोट खुपसायला गेले तर खाली रबराचे दाणे. मागून आवाज आला, "इथे तुला काही काम नाही." केस पांढरे झाले होते, पोट किंचित सुटलं होतं. आम्ही मिठी मारली नाही, त्याला आता जपानी सवयी लागल्या होत्या, आम्ही वाकलो आणि मग दोघंही हसायला लागलो.

त्याच्या मुली हरल्या. खेळल्या छान, पण हरल्या. सामना संपल्यावर एक मुलगी रडत होती, सोपा गोल चुकवला म्हणून. तो तिच्याजवळ उकिडवा बसला, दुखऱ्या पायाने अवघड होतं ते, आणि तिथेच बसून राहिला. ती रडायची थांबली. त्यालाच उठता येईना, तेव्हा तिने त्याला हात देऊन उठवलं.

परतताना आम्ही एकाच गाडीत चढलो. मला चार स्टेशनं जायचं होतं, त्यांना शेवटपर्यंत. मुली डब्यात इकडेतिकडे बसल्या, कुणी फोन बघत, कुणी एकमेकींच्या खांद्यांवर डोकी टेकून. दुपार कलली होती. डाव्या बाजूला डोंगर सरकत होते, उजव्या बाजूला घरांच्या फटींतून समुद्र लखलखून जायचा. तो मला आईबद्दल सांगत होता. तिला आता फारसं काही आठवत नाही, पण फोनवर त्याचा आवाज ऐकला की दरवेळी विचारते, जेवलास का. मी म्हटलं, आमच्याकडेही हेच विचारतात. तो "हो?" म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याने सुरू केलं, पण ते मध्येच राहिलं. मी पाहिलं तर त्याचा डोळा लागला होता. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे.

माझं स्टेशन आलं. त्याला उठवून निरोप घ्यावा म्हणून मी हात पुढे केला. समोरच्या बाकावरच्या, मघाशी रडणाऱ्या मुलीने मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "झोपू द्या त्यांना. आम्ही उठवू."

मी उतरले. गाडी निघाली तेव्हा खिडकीच्या काचेत क्षणभर सगळे एकत्र दिसले, पेंगणाऱ्या मुली आणि त्यांच्यामध्ये तो, आणि त्यांच्यावरून सरकत जाणारं संध्याकाळचं आकाश. मग पुढचा डबा आला, त्याच्या पुढचा, आणि फलाट रिकामा झाला. जिना चढून मी बाहेर आले. घरी जायच्या वाटेवर चढ आहे, तो मी सावकाश चढले.